‘गरज वाटल्यास एक गोळी’: साताऱ्यातील एका शिक्षिकेचे प्रकरण

या प्रकरणातील रुग्ण साताऱ्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या ४४ वर्षांच्या शिक्षिका आहेत. ओळख पटू नये म्हणून वय, कुटुंब आणि काळ यांचे काही तपशील बदलले आहेत. शाळेत त्यांना सगळे ‘बाई’ म्हणतात, म्हणून येथेही तोच उल्लेख ठेवला आहे. त्या माझ्या दवाखान्यात आल्या तेव्हा त्यांची मागणी छोटी होती. नेहमीच्या औषध दुकानदारांनी गोळ्या देण्यास नकार दिला होता आणि त्यांना नवी चिठ्ठी हवी होती. गोळी अल्प्राझोलामची, ०.२५ मिलिग्रॅमची होती. चिंतेवर दिल्या जाणाऱ्या मात्रांमध्ये ही अगदी लहान मात्रा समजली जाते. आठ महिन्यांपूर्वी एका खासगी दवाखान्यात ती लिहून मिळाली होती आणि चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे ‘एसओएस’, म्हणजे गरज वाटल्यास, एवढीच सूचना होती. बाईंना दारूचे किंवा दुसरे कसलेही व्यसन नव्हते, त्यांनी ही गोळी सलग आठवडाभरही कधी घेतलेली नव्हती, आणि तरीही अवलंबित्वाची सुरुवात त्यांच्यात स्पष्ट दिसत होती. चिंतेवरची गोळी अधूनमधून घेणाऱ्या पुष्कळ लोकांची स्थिती अशीच असते, पण ते ‘रोज घेत नाही’ या समाधानात राहतात. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडावेसे वाटले.

भीतीची सुरुवात

बाईंचे मोठे भाऊ पुण्यात राहतात. त्यांच्याकडे एकट्याने जात असताना एसटी खंबाटकीच्या बोगद्यात थांबली, कारण पुढे एक ट्रक बंद पडला होता. गाडीत गर्दी होती, काचा बंद होत्या आणि बाहेर धूर साचू लागला होता. काही मिनिटांतच बाईंची छाती धडधडू लागली, श्वास पुरेना, हातांच्या बोटांना मुंग्या आल्या आणि आपण आता येथेच मरणार अशी खात्री त्यांना वाटली. वाहतूक सुरू होऊन गाडी बाहेर आल्यावरही बराच वेळ त्यांचे अंग थरथरत होते. पुण्यात पोहोचताच भावाने त्यांना रुग्णालयात नेले. हृदयाचा आलेख, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड यांच्या तपासण्या झाल्या आणि सर्व निष्कर्ष सामान्य आले. बंदिस्त जागेत आलेला हा भीतीचा तीव्र झटका होता.

त्या काळात साताऱ्याहून पुण्याकडे जाणारी वाहतूक बोगद्यातून आणि पुण्याहून साताऱ्याकडे येणारी घाटरस्त्याने होत असे. त्यामुळे बाईंची भीती फक्त जातानाच्या प्रवासाला चिकटली. येताना त्या निवांत असत, खिडकीतून घाट पाहत असत. निदानाच्या दृष्टीने हा तपशील फार मोलाचा होता. प्रवासाची, वेगाची किंवा घरापासून दूर जाण्याची भीती असती तर ती दोन्ही दिशांना दिसली असती. येथे भीतीचा विषय नेमका होता: बाहेर पडता येणार नाही अशी बंद जागा.

पुढच्या खेपेला कुटुंबाने वाईवरून मांढरदेवचा घाट चढून भोर आणि कापूरहोळमार्गे पुणे गाठले. वेळ अधिक गेला, पण बोगदा टळला. टाळल्यामुळे त्या दिवशी बाईंना जो सुटकेचा निःश्वास टाकता आला, त्यानेच भीतीला पहिले खतपाणी मिळाले, कारण बोगद्यातून गेल्यास काय होते हे पडताळून पाहण्याची संधी मनाला मिळालीच नाही. त्यानंतर त्यांना अल्प्राझोलाम लिहून देण्यात आले.

गोळीला मिळालेले श्रेय

अल्प्राझोलाम हे बेन्झोडायझेपिन गटातील औषध आहे. या गटातील पहिले औषध, क्लोरडायझेपॉक्साइड, १९६० मध्ये बाजारात आले आणि १९६३ मध्ये डायझेपाम आले. मेंदूत गाबा नावाचे एक रासायनिक द्रव्य चेतापेशींची उत्तेजना आवरून धरण्याचे काम करते. बेन्झोडायझेपिन औषधे त्या द्रव्याचा परिणाम वाढवतात, म्हणून छातीतील धडधड, स्नायूंचा ताण आणि मनातील घालमेल कमी होते. औषध प्रभावी आहे यात शंका नाही, आणि योग्य प्रसंगी ते नाकारणे हाही रुग्णावर अन्याय ठरतो. मात्र त्याचा परिणाम केव्हा सुरू होतो हे रुग्णाला सांगितलेले असावे लागते. पोटातून घेतलेल्या अल्प्राझोलामची रक्तातील पातळी साधारण १ ते २ तासांनी सर्वाधिक होते आणि जाणवण्याजोगा परिणाम सुरू व्हायलाही सामान्यतः अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो.

बाई गोळी कधी घेत असत, हे मी विचारले. साताऱ्याहून निघताना त्या धीर धरत आणि सुरूर फाटा जवळ आला की घेत. तेथून बोगदा फार लांब नाही आणि गाडी चालू असेल तर तो ओलांडायला एक-दोन मिनिटेही लागत नाहीत. याचा अर्थ असा, की बोगदा मागे पडेपर्यंत गोळीचा परिणाम सुरू झालेलाच नसे. भीतीचा झटका स्वभावतःच काही मिनिटांत शिखरावर पोहोचतो आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो, मग गोळी घेतलेली असो वा नसो. बाई बोगदा ओलांडत होत्या त्या स्वतःच्या बळावर आणि श्रेय मात्र दर वेळी गोळीला जात होते. पुढे शिरवळच्या आसपास येणारी गुंगी हीच काय ती गोळीची खरी करामत होती. हे गणित कागदावर वेळा लिहून दाखवले तेव्हा त्या बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘मग इतके दिवस बोगदा मी एकटीनेच ओलांडला म्हणायचा का?’’ या प्रकरणात उपचाराला खरी सुरुवात येथून झाली असे मी मानतो.

आठ महिन्यांतील वाढ

पहिले तीन महिने गोळी फक्त पुण्याच्या प्रवासासाठी वापरली गेली. मग पोवई नाक्यावरच्या ग्रेड सेपरेटरमधून जावे लागेल अशा दिवशी ती घेतली गेली, कारण तोही जमिनीखालचा रस्ता. त्यानंतर शाळेच्या तपासणीच्या दिवशी घेतली गेली. तेथे बंदिस्त जागेचा काहीही संबंध नव्हता, फक्त सकाळपासून पोटात गोळा आल्यासारखे वाटत होते. पती प्रेमाने म्हणाले, ‘‘अगं, घेऊन टाक एक. कशाला जिवाला त्रास?’’ त्या दिवशी तपासणी छान पार पडली. मग पालकसभा आली, मग रविवारची रात्र आली. रविवारी रात्री झोप लागत नाही अशी तक्रार त्यांना पूर्वी कधीच नव्हती.

माझ्याकडे येण्याआधीच्या महिन्यात आठवड्याला साधारण तीन गोळ्या लागत होत्या. मात्रा वाढलेली नव्हती, प्रसंग वाढले होते. अधूनमधून घेणाऱ्यांमध्ये अवलंबित्व बहुधा याच रूपाने येते, आणि मात्रेवरच लक्ष ठेवणाऱ्या रुग्णाच्या आणि डॉक्टरच्याही ते नजरेतून निसटते. ‘गरज वाटल्यास’ ही सूचना पाळण्यात बाईंची काही चूक झालेली नव्हती. त्यांना खरोखरच गरज वाटत होती. गरज आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार चिठ्ठीने भीतीच्याच हाती दिला होता, आणि भीती कधीही ‘आज नको’ म्हणत नाही.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली. सासूबाई ७४ वर्षांच्या असून त्यांना रात्री झोप कमी लागते. बाईंनी काळजीपोटी त्यांना दोन रात्री अर्धी-अर्धी गोळी दिली. दुसऱ्या पहाटे न्हाणीघराकडे जाताना त्यांचा तोल गेला. भिंतीचा आधार मिळाला म्हणून इजा झाली नाही. उतारवयात ही औषधे शरीरातून सावकाश बाहेर पडतात, तोल आणि स्मरण यांवर त्यांचा परिणाम अधिक होतो आणि पडून खुब्याचे हाड मोडण्याचा धोका वाढतो. आपल्याकडे घरातल्या घरात गोळ्या वाटून घेण्याची सवय सर्रास आहे. तापाच्या गोळीबाबत ती बहुधा निभावून जाते, या औषधाबाबत ती कधीही चालणारी नाही.

औषध दुकानदारांनी नकार का दिला हेही नमूद केले पाहिजे. अल्प्राझोलाम हे औषध नियमावलीच्या अनुसूची एच-१ मध्ये येते. ही अनुसूची ऑगस्ट २०१३ मध्ये अधिसूचित झाली आणि १ मार्च २०१४ पासून लागू झाली. तिच्यातील औषध विकताना डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेली संख्या यांची स्वतंत्र नोंदवहीत नोंद करावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. त्या दुकानदारांनी नोंदवही उलटून पाहिली, एकाच चिठ्ठीवर गोळ्यांच्या पट्ट्यांमागून पट्ट्या गेलेल्या दिसल्या, आणि ते म्हणाले, ‘‘बाई, ही चिठ्ठी जुनी झाली. एकदा डॉक्टरांना भेटून या, मग देतो.’’ बाईंना त्या वेळी अपमान वाटला. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणात सर्वांत वेळेवर झालेली कृती तीच होती. औषध दुकानदार बोलले नसते तर पुढचे सहा महिने तसेच गेले असते.

तपासणी आणि निष्कर्ष

पहिल्या भेटीत नवी चिठ्ठी देण्याचे किंवा नाकारण्याचे मी टाळले आणि आधी काही प्रश्न विचारले. ज्या दिवशी गोळी घेत नाही त्या दिवशी हात थरथरणे, घाम, अकारण अस्वस्थता जाणवते का? पूर्वीइतक्याच गोळीने पूर्वीइतकाच आराम पडतो का? रात्री घोरणे, झोपेत श्वास अडखळणे असा त्रास आहे का? खोकल्याचे कोडीनयुक्त औषध, वेदनेसाठी ट्रॅमाडॉल किंवा सर्दीसाठी गुंगी आणणारे दुसरे काही चालू असते का? हा शेवटचा प्रश्न केवळ रीत म्हणून विचारायचा नसतो. कोडीन, ट्रॅमाडॉल यांसारखी अफूवर्गीय औषधे किंवा दारू यांच्यासोबत बेन्झोडायझेपिन घेतल्यास श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

बाईंच्या उत्तरांवरून शारीरिक अवलंबित्व नव्हते. गोळी न घेतलेल्या दिवशी शरीर तक्रार करत नव्हते. रविवारची झोप मात्र बिघडली होती आणि एका उत्तराने मला थांबायला लावले. गोळ्यांची पट्टी त्या पर्समध्ये ठेवत असत आणि वर्गावर जाताना पर्स शिक्षक-खोलीत राहिली तर त्यांना अस्वस्थ वाटे. पूर्ण एक आठवडा एकही गोळी न घेता गेला होता, पण त्या आठवड्यात पट्टी एकदाही नजरेआड झाली नव्हती. न घेतलेल्या गोळीवरही माणूस विसंबू शकतो, आणि हे विसंबणे मोजायला गोळ्यांचा हिशेब पुरत नाही.

शरीराला औषधाची सवय होणे, औषध थांबवल्यावर शरीराने बंड करणे आणि औषधाशिवाय आपण काही करूच शकणार नाही असा मनाचा ग्रह होणे, या तीन वेगळ्या अवस्था आहेत. बाई तिसऱ्या अवस्थेत होत्या. पहिल्या दोन अवस्था रोजच्या वापरातून, कधी कधी अवघ्या काही आठवड्यांत येतात. म्हणूनच ब्रिटनमध्ये १९८८ पासून ही औषधे तीव्र चिंतेसाठी २ ते ४ आठवड्यांपलीकडे देऊ नयेत असा सल्ला आहे आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये या संपूर्ण गटाच्या वेष्टनावर अवलंबित्व व औषध तोडल्यावर होणाऱ्या त्रासाचा ठळक इशारा सक्तीचा केला.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. जी व्यक्ती ही गोळी काही आठवडे किंवा महिने रोज घेत आहे, तिने हा लेख वाचून ती एका दिवसात बंद करू नये. अचानक थांबवल्यास निद्रानाश, तीव्र घालमेल आणि काही वेळा फेफऱ्यासारखे आकडीचे झटके (फिट्स) येतात, आणि ते जीवघेणे ठरू शकतात. अशा वेळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू उतरवावी लागते. साधारणपणे दर २ ते ४ आठवड्यांनी ५ ते १० टक्के कपात करून सुरुवात करतात आणि पुढची कपात रुग्णाची प्रकृती पाहून ठरते.

ठरवलेली योजना

मानसोपचारतज्ज्ञांशी चर्चा करून योजना आखली. रोज घ्यायच्या दुसऱ्या औषधाचा, नैराश्य आणि चिंता यांवर दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातील गोळीचा, विचार झाला. झटके वारंवार आणि कारणाशिवाय येत असते तर तोच मार्ग योग्य ठरला असता. त्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, पण दीर्घकाळाच्या चिंतेसाठी त्या अधिक सुरक्षित आहेत. बाईंची भीती मात्र ठरावीक जागेशी बांधलेली होती, त्यामुळे मुख्य उपचार त्या जागेला टप्प्याटप्प्याने सामोरे जाणे हाच होता. व्यासपीठावर बोलताना छाती धडधडणाऱ्यांना अनेकदा प्रोप्रानोलॉल दिले जाते. ते सवय लावत नाही, पण बाईंना लहानपणापासून दमा असल्यामुळे तो पर्याय बाद झाला.

अल्प्राझोलाम पूर्णपणे काढून घेतले नाही. माझ्या अनुभवात एकदम काढून घेतल्यास रुग्ण दुसऱ्या दुकानाचा रस्ता धरतो आणि मग नोंदही राहत नाही, सल्लाही राहत नाही. त्याऐवजी चिठ्ठीवरील सूचना बदलली. गोळी कशासाठी घ्यायची ते नाव घेऊन लिहिले: बोगद्यातून होणारा पुण्याचा अटळ प्रवास, आणि तोही भीतीला सामोरे जाण्याच्या सरावाचा नसेल तेव्हाच. महिन्याला दोनपेक्षा अधिक गोळ्या नाहीत, लागोपाठ दोन दिवस नाहीत, एका वेळी एकच. घ्यायची की नाही हा निर्णय आदल्या दिवशी, मन शांत असताना, वहीत तारखेसह लिहायचा. त्या क्षणी भीती दाटून आली म्हणून ठरलेले बदलायचे नाही. घ्यायची असेल तर साताऱ्यातून निघतानाच घ्यायची, म्हणजे बोगद्याशी पोहोचेपर्यंत परिणाम सुरू झालेला असेल. त्या दिवशी गाडी चालवायची नाही. तपासणी, पालकसभा, रविवारची रात्र यांसाठी गोळी नाही. चिठ्ठीवर चारच गोळ्या लिहिल्या आणि नवी चिठ्ठी वही पाहिल्याखेरीज मिळणार नाही असे ठरले.

पट्टी कोणी सांभाळायची यावर घरात थोडा वाद झाला. पतींनी स्वतःकडे ठेवण्याची तयारी दाखवली. ती मी नम्रपणे नाकारली. सुशिक्षित, जबाबदार स्त्रीने नवऱ्याकडे गोळी मागावी आणि त्याने द्यायची की नाही ते ठरवावे, या रचनेत दोघांमध्ये तणाव वाढतो आणि रुग्णाचा स्वतःवरचा विश्वास आणखी खचतो. पट्टी पर्समधून निघून घरच्या कपाटात, सासूबाईंच्या हाताला लागणार नाही अशा वरच्या खणात गेली. प्रवासाच्या दिवशी, वहीत लिहिले असेल तरच, एक गोळी सोबत न्यायची. ही एक गोष्ट बाईंना सर्वांत जड गेली. पहिला आठवडा त्या वर्गात फळ्याकडे पाठ करून उभ्या असताना पर्स आठवत असे, असे त्यांनी नंतर सांगितले.

सरावाची आखणी सातारकरांना परिचित अशीच होती. अजिंक्यताऱ्याच्या बाजूने सज्जनगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा जुना बोगदा लहान आहे आणि पायी चालत ओलांडता येतो. पहिल्या टप्प्यात बाई पतीसोबत, मग एकट्या, त्यातून चालत गेल्या. घाईने पलीकडे जायचे नाही, मध्यभागी उभे राहायचे आणि भीती वाढून पुन्हा उतरते हे स्वतः पाहायचे, अशी सूचना होती. भीती शून्य ते दहा अशा प्रमाणात दर थोड्या वेळाने वहीत लिहायची होती. पहिल्या दिवशी आकडा आठवर गेला आणि तिसऱ्या आठवड्यात तो तीनच्या वर गेला नाही. मग ग्रेड सेपरेटरमधून दुचाकीवर मागे बसून फेऱ्या झाल्या. शेवटचा टप्पा म्हणजे रविवारी सकाळी खंबाटकीच्या बोगद्यातून पलीकडे खंडाळ्याच्या बाजूला जाणे आणि घाटरस्त्याने परत येणे, हे पुन्हा पुन्हा.

हा सगळा सराव गोळीशिवाय करायचा होता, आणि त्याचे कारण बाईंना नीट समजावले. भीतीच्या जागी उभे राहून ‘येथे काही होत नाही’ हे मेंदू जेव्हा शिकतो, तेव्हा ते शिकणे जागेपणी व्हावे लागते. गोळीखाली केलेला सराव त्या दिवसापुरता सोपा जातो, पण शिकलेले टिकत नाही, कारण मेंदू सुरक्षिततेचे कारण म्हणून गोळीच लक्षात ठेवतो. सरावात फेरी अर्धवट सोडून परतण्याचे प्रसंग आले, एकदा तर पतींना महामार्गाच्या कडेला बराच वेळ गाडी थांबवावी लागली. तरीही तेवढ्यासाठी गोळीची मुभा दिली नाही. त्याऐवजी त्या दिवशीचा टप्पा कमी केला.

भावाचे आजारपण

चौथ्या महिन्यात बाईंच्या भावावर पुण्यात हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झाली. दोन आठवड्यांत अनेक फेऱ्या, रुग्णालयाच्या बाकावर काढलेल्या रात्री आणि वहिनींना धीर देण्याची जबाबदारी, अशा अवस्थेत त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, मला माहीत आहे तुम्ही नाही म्हणाल, पण मला झोपच नाही.’’

मी नाही म्हटले नाही. अशा संकटाच्या थोड्या काळासाठीच हे औषध आहे. फरक इतकाच केला, की सुरू करण्याच्या दिवशीच थांबवण्याचा दिवस लिहिला. सात रात्री, रोज एक, आठव्या दिवशी बंद. थांबवल्यावर दोन-तीन रात्री झोप पूर्वीपेक्षाही वाईट वाटेल, हे आधीच सांगितले. अल्प्राझोलाम शरीरातून तुलनेने लवकर जाते, निम्मे औषध सरासरी अकरा तासांत बाहेर पडते, त्यामुळे ही उसळी लवकर आणि जोरात जाणवू शकते. रुग्णाला हे माहीत नसेल तर तो त्या दोन रात्रींवरून ‘मला आता गोळीशिवाय झोप येत नाही’ असा निष्कर्ष काढतो आणि येथूनच कित्येकांची वर्षानुवर्षांची गोळी सुरू होते. बाईंनी त्या रात्री उठून वहीत ‘डॉक्टर म्हणाले तसेच’ असे लिहिले आणि चौथ्या रात्री त्यांना झोप लागली. रात्री बोलायला कोणी हवे असल्यास टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांकही दिला होता. तो त्यांनी एकदा वापरला.

त्याच दिवसांत रुग्णालयात ओळखीच्या एका गृहस्थांनी त्यांना क्लोनाझेपामची शिफारस केली. ते स्वतः कित्येक वर्षे रात्री अर्धी गोळी घेत होते आणि ती ‘अगदी हलकी’ असल्याचे सांगत होते. क्लोनाझेपाम शरीरात अधिक काळ राहते, त्यामुळे गोळी चुकल्यास त्रास उशिरा जाणवतो, इतकाच हा हलकेपणा. गट तोच, सवय तीच. महाराष्ट्रातल्या घराघरांत उशाशी असलेल्या या अर्ध्या गोळीबद्दल आपण फार कमी बोलतो याचे मला मनापासून दुःख आहे.

एमआरआय

वर्षाच्या अखेरीस मानेच्या दुखण्यासाठी बाईंचा एमआरआय ठरला. मानेच्या तपासणीत डोके यंत्राच्या नळीत जाते, हालचाल न करता वीस मिनिटे ते पाऊण तास पडून राहावे लागते आणि आवाज मोठा असतो. येथे सरावाला वेळ नव्हता आणि झटका आल्यास तपासणी वाया जाणार होती. मी स्वतःहून गोळी सुचवली. तपासणीच्या एक तास आधी, पती सोबत, नंतर दुचाकी नाही आणि त्या दिवशी शाळेतून सुट्टी. बाईंनी विचारले, ‘‘चालेल ना? पुन्हा तसे होणार नाही?’’ प्रसंग कोणता, तारीख कोणती, किती गोळ्या आणि पुढे काय, या सर्वांची उत्तरे आधीच ठरलेली असताना घेतलेली एक गोळी आणि पालकसभेच्या सकाळी पर्समधून काढलेली एक गोळी, रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच. रुग्णाच्या आयुष्यावर होणारा परिणाम मात्र सारखा नसतो, आणि बाईंना तो फरक आता मला समजावून सांगावा लागला नाही. तपासणी पूर्ण झाली. वहीत त्या नोंदीसमोर ‘घेतली, ठरल्याप्रमाणे’ असे लिहिलेले आहे.

सद्यःस्थिती

योजना सुरू होऊन चौदा महिने झाले आहेत. भावाच्या आजारपणातील सात रात्री सोडल्यास या काळात पाच गोळ्या लागल्या आणि त्यांपैकी शेवटच्या चार महिन्यांत एकही नाही. बाई पुण्याला बोगद्यातूनच जातात. बोगद्यात गाडी थांबली तर अजूनही छाती धडधडते, पण त्या ती धडधड ओसरेपर्यंत थांबू शकतात. रविवारच्या झोपेची तक्रार गेली, आणि ती गोळीने नव्हे, दुपारचा चहा कमी करून आणि सोमवारचे पाठ शनिवारीच काढून ठेवून गेली. सासूबाईंच्या झोपेचा प्रश्न स्वतंत्रपणे हाताळला. त्यांना रात्री वारंवार लघवीसाठी उठावे लागत होते, तेच मूळ कारण निघाले.

एक प्रश्न शिल्लक आहे. मुलीला हैदराबादला नोकरी लागली असून बाईंना पुण्याहून विमानाने तेथे जायचे आहे. विमानाचे दार बंद होते आणि मधेच उतरता येत नाही, म्हणजे भीतीचा जुना विषय नव्या रूपात समोर आहे. त्यांनी स्वतःहून आधी दोन वेळा गोळीशिवाय जाऊन पाहण्याचा प्रस्ताव मांडला आहे. माझे मत थोडे वेगळे आहे: पहिल्या उड्डाणाला एक गोळी घेण्यास मी राजी आहे, कारण पहिलाच प्रवास फार वाईट झाला तर दुसरा होणारच नाही अशी मला धास्ती वाटते. त्यावर मानसोपचारतज्ज्ञांचे म्हणणे असे, की गोळीशिवाय जाण्याचे बाईंनीच ठरवलेले असल्यामुळे ते मोडण्याचे कारण नाही. प्रवासाची तारीख दोन महिन्यांनंतरची आहे. पुढच्या भेटीत तिघांनी बसून ठरवायचे आणि ठरेल ते वहीत लिहायचे, एवढे निश्चित झाले आहे.